अनुकरण, संगणकीय
एका रचनेच्या प्रक्रियकासाठी तयार केलेली आज्ञावली निराळ्या रचनेच्या प्रक्रियकावर चालविण्याचे तंत्र. प्रत्येक प्रक्रियकाला आदेशांचा ठराविक संचच समजतो. शब्दाची लांबी व स्मृतीतील पत्ते देण्याची रीतही यंत्रागणिक बदलते. त्यामुळे एका यंत्राची आज्ञावली दुसऱ्या यंत्राच्या दृष्टीने अर्थशून्य अंकांची रास ठरते. यंत्र बदलले की जुने श्रम वाया जातात, हे या तंत्राच्या उदयाचे खरे कारण होय.

मुंबईत हा प्रश्न संगणकांच्या आगमनाबरोबरच उद्भवला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक ४० बिटांच्या शब्दावर काम करी. त्याच संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० चा शब्द ४८ बिटांचा होता. टिफ्रॅकच्या यंत्रभाषेतील आज्ञावली नव्या यंत्रावर जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते. व्यापारी पेढ्यांची अडचण याहून मोठी होती. पगारपत्रके व भांडाराचे हिशेब यांसाठी त्यांनी आयबीएम १४०१ वर वर्षानुवर्षे आज्ञावल्या लिहिल्या होत्या. १९६४ मध्ये घोषित झालेल्या आयबीएम ३६० मालिकेची रचना १४०१ हून सर्वस्वी वेगळी असल्याने ग्राहक दुरावण्याची भीती होती. म्हणून मालिकेतील काही यंत्रांच्या सूक्ष्म-आज्ञावलीतच १४०१ चे आदेश ओळखण्याची सोय करण्यात आली. अनुकरणाचा व्यापारी प्रसार येथून झाला.

भारतात परकीय चलनाच्या टंचाईमुळे नवे यंत्र आणणे दुष्कर होते. आयातीच्या परवान्यासाठी निर्यातीची हमी द्यावी लागे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मुंबईच्या संस्थेने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७४ च्या सुमारास अमेरिकेतील बरोज कंपनीचे काम स्वीकारले. रुग्णालयांसाठीची एक आज्ञावली बरोजच्या मध्यम संगणकांच्या कोबोलमधून लहान संगणकांच्या कोबोलमध्ये न्यावयाची होती. ते रूपांतर मुंबईतील आयसीएल १९०३ या तिसऱ्याच घराण्यातील यंत्रावर करण्यात आले. काटेकोरपणे पाहता हे अनुकरण नव्हे, भाषांतर होय. तथापि समोर नसलेल्या यंत्रासाठी काम करता येते, हे त्यातून दिसून आले. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. योगायोगाची गोष्ट अशी की, बरोजचा बी १७०० हा लहान संगणक मुळातच अनुकरणाच्या तत्त्वावर रचलेला होता : कोबोल, फोर्ट्रान यांसारख्या प्रत्येक भाषेसाठी तो वेगळी सूक्ष्म-आज्ञावली वापरी व जणू त्या भाषेचेच यंत्र बने.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आलेल्या ईसी १०३० या सोव्हिएट संगणकाचा आदेशसंच आयबीएम ३६० शी जुळणारा होता, म्हणून तेथे हा खटाटोप कमी पडे. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरता घेतल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. जुनी आज्ञावली टिकवायची, तर जुने यंत्रही चालू ठेवणे भाग, अशी पुष्कळ ठिकाणी स्थिती होती.

साधा अनुकारी कार्यक्रम दुभाष्याप्रमाणे एकेक परका आदेश उचलतो, त्याचा अर्थ लावतो आणि स्वतःच्या आदेशांनी ती क्रिया पार पाडतो. एका आदेशासाठी अनेक आदेश खर्च होत असल्याने वेग बराच घटतो. यावर उपाय म्हणून आदेशांचा संपूर्ण गट एकदाच भाषांतरित करून तो स्मृतीत जपून ठेवतात व पुन्हा गरज पडताच तोच वापरतात. कित्येक बाइटांच्या संख्येतील प्रथम बाइट कोणता, याविषयीही यंत्रांत मतभेद असतात; आयबीएम ३६० मध्ये मोठ्या मूल्याचा बाइट आधी, तर इंटेलच्या प्रक्रियकांत लहान मूल्याचा आधी येतो. ही अदलाबदल विसरल्यास उत्तरे चुकतात, परंतु यंत्र तक्रार करीत नाही.

ॲपल कंपनीने २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे व २०२० मध्ये इंटेलकडून एआरएमकडे जाताना ‘रोझेटा’ या नावाचे भाषांतरक वापरले. आज वसई–विरारसारख्या उपनगरांतही बहुतेकांच्या हातातील भ्रमणध्वनीत एआरएम, तर कार्यालयातील मेजावरच्या संगणकात बहुधा इंटेलच्या आदेशसंचाचा प्रक्रियक असतो.