मि-सनचे शिलालेख आणि देवस्थानांचा सांभाळ
मध्य व्हिएतनाममधील मि-सनच्या डोंगरवेढ्या खोऱ्यात चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमारास भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि देवाला दिलेल्या जमिनीचा संस्कृत लेख शिळेवर कोरविला. त्यात दानभूमीच्या चतुःसीमा डोंगर आणि महानदी यांच्या खुणांनी सांगितल्या आहेत. राजभाग, म्हणजे पिकातील राजाचा हिस्सा, सहावा असूनही अनुग्रहाने तो दहाव्यावर आणून देवाला द्यावा, असे म्हटले असून, दान मोडणाऱ्याच्या माथी दोष ठेवला आहे. महाराष्ट्रातील ताम्रपटांच्या अभ्यासकाला ही रचना लगेच ओळखीची वाटेल. पुढे चंपाच्या रुद्रवर्मन राजाच्या काळात मंदिर आगीत भस्मसात झाले, तेव्हा राजा शंभुवर्मनने ते पुन्हा उभारून देवाच्या नावाला स्वतःचे नाव जोडले आणि शंभुभद्रेश्वर हे नाव रूढ झाले. राजसत्ता व देवस्थान यांची अशी गाठ क्वचितच इतकी स्पष्ट दिसते. पुढे अनेक शतकांनी, 1969 च्या अमेरिकी बाँबहल्ल्यात येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले, ही हानी भरून न येणारी आहे. 1999 मध्ये मि-सनला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि 2017 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने व्हिएतनामी तज्ज्ञांसह तेथील काही मंदिरसमूहांचे जतनकार्य केले.