पोलादावरचें सोनें

बुलढाणा जिल्ह्यांतील सोनाळा हें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलें असून त्याच्या पूर्वेस नरनाळ्याचा दुर्ग उभा आहे. ज्या श्रोत्यांनीं तो पाहिला असेल त्यांना महाकाली दरवाजावरील इ. स. १४८७ चीं अरबी अक्षरें व दगडांतील वेलपत्ती आठवत असेल. असल्या अक्षरांना व वेलींना इस्लामी कलेंत आणखी एक स्थान होतें. योद्धे त्या अंगावर वागवीत.

इराणांत व मोगल हिंदुस्थानांत ‘चारआइना’ नांवाचें कवच प्रचारांत होतें. आइना म्हणजे आरसा. पोलादाचे चार पत्रे, एक छातीस, एक पाठीस व बगलेपाशीं खोलगट कापलेले दोन कुशींस, असे कड्यांच्या चिलखतावर चामडी पट्ट्यांनीं आवळीत. त्यांवरील नक्षीच्या कामास कोफ्तगिरी म्हणतात. फारसी ‘कोफ्तन’ म्हणजे ठोकणें. कारागीर पोलाद बारीक आडव्या-उभ्या ओरखड्यांनीं खरखरीत करी, त्यावर सोन्याची तार नक्षीबरहुकूम ठोकून बसवी, मग तापवून अकीकानें घोटी. चर खोदून त्यांत सोनें भरण्याची तहनिशान रीत अधिक टिकाऊ आणि अर्थातच अधिक खर्चाची.

पत्र्यांच्या कांठावर बहुधा कुराणांतील विजयाच्या आयती असत. त्यांना केवळ शोभा म्हणणें उथळपणाचें होईल. पोलाद जेथें हार खाईल तेथें अक्षर राखील, हा त्यांमागील भाव. दंडांत ताईत बांधणाऱ्या मराठा शिपायास तो मुळींच परका नव्हता. हुन्नरहि परका राहिला नाहीं.

नरनाळा पुढें नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८०३ सालीं अडगांवची लढाई हरून देवगांवच्या तहानें त्यांचें वऱ्हाड गेलें, तरी हा किल्ला त्यांजकडेच राहिला. त्या घराण्यांतील पहिल्या रघूजींची तलवार एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांत निघाली व महाराष्ट्र शासनानें ती ४७ लक्ष १५ हजार रुपयांस सोडवून आणली. पातें युरोपी, मुठीवर कोफ्तगिरीचें सोनें, आणि पात्यावर रघूजींचें नांव देवनागरींत! नांव होतें म्हणून ती ओळखली गेली.

निनांवी कवचांचें नशीब वेगळें. गंज काढण्यासाठीं घासणाऱ्या हातांनींच पुष्कळदां त्यांवरील सोन्याचा पातळ थर पुसून टाकला. असा पत्रा काळा, निस्तेज दिसतो. पण तिरप्या उजेडांत धरला तर उरलेल्या ओरखड्यांवरून सोनें कोठें होतें तें ओळखतां येतें.