कारंजा ते अलिबाग, मार्गे मीठ आणि कापूस

सुट्टी म्हणून समुद्रावर जायचं, ही चाल आमच्या वाशिम जिल्ह्यात फार तर दोन पिढ्यांची. त्याआधी आमची माणसं घर सोडायची ती देवासाठी, लग्नामयतीसाठी नाहीतर बाजारासाठी. शेगाव, माहूर, पोहरादेवी, पंढरपूर. जरा ऐपत असली तर काशी. आमच्या कारंज्यात जन्मलेले नृसिंह सरस्वती केवढे फिरले, पण औदुंबर घ्या, नरसोबाची वाडी घ्या, गाणगापूर घ्या, सगळी नदीकाठची ठिकाणं. त्यांच्या मागे मागे जाणाऱ्याला समुद्र लागतच नाही.

मी निवृत्तीपर्यंत कारंज्याच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला आणि सहलीचं काम कायम माझ्याच गळ्यात असायचं. म्हणून परवा वाशिमहून भाच्याचा फोन आला. ‘‘आत्या, शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी सकाळी बीचवर. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर करून रविवारी रात्री घरी. कुठं जेवायचं तेवढं तू सांग.’’ दोन गाड्या. दुसऱ्या गाडीत त्याच्या शेजारचं जैन कुटुंब. त्याला जेवणाची ठिकाणं हवी होती. मी त्याला आधी इतिहास ऐकवला. जुनी खोड आहे, जात नाही.

समुद्राकडे आमच्याकडून माणसांच्या कितीतरी आधी माल गेला. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्या घराण्यातल्या हरिषेणाच्या काळचा लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात आहे आणि त्यात ज्या देशांची नावं येतात त्यांत लाट आणि त्रिकूट आहेत, म्हणजे दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकणाकडचा मुलूख. राजा स्वतः किनाऱ्यावर गेला की नुसता दबदबा गेला, हा वाद पंडितांनी करावा. मला जास्त बोलकं वाटतं ते १६७० साल. त्या वर्षी ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्याच हिवाळ्यात मराठी फौज थेट कारंज्यावर आली. सोनंनाणं आणि उंची कापड चार हजार बैल-गाढवांवर लादून नेलं, असं जदुनाथ सरकार लिहितात. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावात एवढं घबाड कुठून आलं? कारंजा हे बंदरांशी बांधलेलं पेठेचं गाव होतं, म्हणून. कस्तुरीचे उंटच्या उंट विकत घेऊन ती वाड्याच्या चुन्यात कालवल्याची दंतकथा आजही इथं सांगतात. ती खरी नसेल, पण असली कथा दरिद्री गावाबद्दल कोणी रचत नाही.

हा माल वाहायचे बंजारे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे. देशभरचा बंजारा समाज तिथं येतो, पण ह्या लोकांच्या वाडवडिलांनी आपल्या जिल्ह्याला मीठ खाऊ घातलं हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं, मी वर्गात तोंडी सांगायची. नायकाच्या मागे तांडा, बैलांच्या पाठीवर गोण्या. धान्य आणि कापूस खाली जायचा, कोकणपट्टीचं मीठ घाट चढून वर यायचं. ह्या वाहतुकीला लदेणी म्हणत. चरत चरत जाणारा बैल दिवसाकाठी दहाएक मैल चालणार, म्हणजे इथून किनारा गाठायला सव्वा महिना तरी हवा. आमच्याकडचा समुद्राचा पहिला जाणकार हा बंजारा. त्याच्या वाटेवर हॉटेल नव्हतं. जिथं पाणी तिथं तळ, तीन दगडांची चूल आणि तव्यावर भाकर.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि त्याच वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी धावली. दोन्हींचा धागा कापूस. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. १८६५ मध्ये थळ घाटातून, म्हणजे आजच्या कसाऱ्यातून, रूळ वर आले. १८६७ मध्ये नागपूरला पोचले. लदेणीचं कंबरडं तिथंच मोडलं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय केली आणि बंजाऱ्यांनाही त्याची झळ लागली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या मीठ पोचवलं त्यांना हे बक्षीस!

कारंज्याला मात्र रेल्वेसाठी थांबावं लागलं आणि मिळाली ती अरुंद रुळांची. किलिक निक्सन कंपनीची मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ लाईन, ११३ किलोमीटर. आपल्या सगळ्यांची शकुंतला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. कारंज्याच्या जिनातल्या गाठी हिच्यातून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला. मुंबईत कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे, तिथल्या गोदामांत ह्या गाठी उतरायच्या. म्हणजे आमच्या शेतातला कापूस खाऱ्या वाऱ्यात जाऊन बसला, तेव्हा तो पिकवणाऱ्याने अडाण नदीपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं.

आता जेवणाकडे येते, कारण भाच्याचा मूळ प्रश्न तोच होता. कोकणच्या किनाऱ्यावर खाण्याची चांगली ठिकाणं इतक्या उशिरा का झाली, ह्याचं उत्तर मुंबईत आहे. कोकणातला गडी गिरणीत गेला आणि गणपती-शिमग्याला गावी आला तो स्वतःच्या घरी. आई, बायको, चुलती रांधायला हजर. विकत जेवणार कोण? गावात असायचं ते चहा, भजी, फार तर मिसळीचं दुकान. विकतचं कोकणी जेवण लागायचं ते गिरणगावात, खोलीत दहा-पंधरा जण दाटीने राहणाऱ्या एकट्या पुरुषांना. ते त्यांना मिळालं चाळीतल्या बायांच्या खानावळीत. दोन वेळचं ताट, महिन्याचा हिशेब पगाराला. ह्या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आज ‘घरगुती मालवणी’ म्हणून जे ताट आपण कौतुकाने मागतो, ते विकायला आधी लागलं परळ-लालबागला आणि किनाऱ्यावर नंतर. आणि त्या गिरण्यांत वऱ्हाडचाही कापूस असायचा. आमचा माल आणि त्यांची माणसं एका छपराखाली आली. एकमेकांच्या ताटाला ओळखायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली.

ती ओळख करून दिली एस.टी.ने. शाळेच्या सहलीला निम्मं भाडं, ही सवलत नसती तर आमच्या तालुक्यातल्या पोरांनी समुद्र नकाशातच पाहिला असता. संमतीपत्रं, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, आगाराचा अर्ज, हे दिवाळीनंतर सुरू व्हायचं. ठरलेला रस्ता: वेरूळ, पुणे, महाबळेश्वर, प्रतापगड, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, रायगड आणि मग समुद्र. बसच्या मागच्या बाकांवर दोन मोठे गंज, तांदूळ-डाळीची पोती आणि आचारी. मुक्काम एखाद्या शाळेच्या वर्गात. पोरींची न्हाणीघराची सोय आहे का, हे मी आधी पत्राने विचारायची. पुरुष सरांच्या यादीत हा रकानाच नसायचा. किनाऱ्यावर पोचलो तरी आम्ही खायचो खिचडीच. बाजूच्या घरातून तळलेल्या बांगड्याचा वास यायचा. पैनगंगेचा मरळ खाणारी भोयांची पोरं माना वळवायची, बाकीची नाक दाबायची. एकदा मुरूडला एका कोळीणबाईने आमच्या पोरांना सोलकढी दिली. ‘‘बाई, ताक गुलाबी कसं?’’ शेंगदाणा, जवस, तिळावर वाढलेल्या जिभेला नारळ म्हणजे देवापुढचा, कालवणातला नव्हे.

१९९८ हे आमच्या जिल्ह्याच्या जन्माचं वर्ष; १ जुलैला अकोल्यातून वाशिम वेगळा झाला. त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली. आदल्या वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला होता. राज्याच्या पर्यटन महामंडळाने घराघरांत निवास-न्याहारी सुरू करून दिली, आणि किनाऱ्यावरच्या बायांनी ओसरीवर पाट मांडले. त्यातच २००३ मध्ये दाभोळच्या खाडीत गाडी चढवता येणारी फेरीबोट आली, मग बागमांडला-वेसवी, आगरदांडा-दिघी अशा आणखी. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं स्वप्न ऐकतेय. खाडीवरचे पूल रेंगाळले, पण फेरीबोटींनी तोवर रस्ता जोडून टाकला. मला विचाराल तर पुलापेक्षा फेरीच बरी. पंधरा-वीस मिनिटं गाडीतून उतरून उभं राहता येतं.

शाळांचा समुद्र मात्र मध्येच तुटला. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. त्यानंतर नियम कडक झाले, मुख्याध्यापक धास्तावले आणि सहली वळल्या वॉटर पार्ककडे. भीती मला कळते, मी पन्नास पोरांची डोकी किनाऱ्यावर मोजली आहेत. तरीही, भूगोलाची सहल क्लोरीनच्या पाण्यात कशी होते हे मला कोणी सांगावं.

आणि आता नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरपैकी जवळपास ९७ आमच्या जिल्ह्यातून जातात. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा, इगतपुरी ते आमणे. ज्या कसाऱ्याला तांड्यांची आणि पुढे ट्रकांची दमछाक झाली, तिथं आता आठेक किलोमीटरचा बोगदा. घाट कुठं होता हेसुद्धा कळत नाही. कारंज्याला चढलं की सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर आमणे, पुढे पनवेल, वडखळ, अलिबाग. दिवसाउजेडी नऊ-दहा तास. सव्वा महिन्याचे दहा तास झाले हे थोर आहे. पण हा रस्ता गावांना बगल देऊन जातो, त्यामुळे वाटेतलं काही जिभेवर येत नाही. म्हणून भाच्याला पहिली अट घातली, दशम्या आणि ठेचा घरून न्यायचा. दुसरी अट, रात्री गाडी चालवायची नाही. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि २५ माणसं गेली. तो आमचाच रस्ता.

मग त्याच्या यादीला कात्री लावली. दोन दिवसांत हरिहरेश्वर म्हणजे खिडकीतून समुद्र पळताना पाहणं. दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी-शेखाडीवरून जाणारा रस्ता अगदी पाण्याला घासून जातो, तो डोळे भरून पाहण्यासारखा आहे. पण त्यासाठी वेगळी चार दिवसांची रजा काढ म्हटलं. ह्या खेपेला अलिबाग ते काशीद पुरे. नागाव, चौलच्या वाड्या, रेवदंड्याच्या कोटातून जाणारा रस्ता, कुंडलिकेचा पूल, मग कोर्लई. तिथल्या एका वस्तीत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. पुढे काशीदपर्यंत एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला पाणी. चौलला थांबायचं, कारण कारंजा पेठ होण्याच्या कितीतरी आधी ते बंदर होतं.

जेवणासाठी पाट्यांची चमक पाहायची नाही. सकाळी नऊच्या आत खानावळीला फोन करायचा, किती माणसं, कोणती मासळी आली आहे ते विचारायचं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी सुरमई म्हणून कोणी वाढली तर ती बर्फातली समजायची. जैन मंडळींसाठी वालाचं बिरडं आणि आमसुलाचं सार बिनकांदा-लसणाचं होतं, पण ते आधी सांगितलं तरच. अलिबागचा पांढरा कांदा मानांकनवाला, त्याचा तिथल्या सुगरणींना अभिमान. तो टाळायला सांगताना जरा गोड बोलायचं. आणि जैन मंडळींचं जेवण सूर्यास्ताच्या आत, म्हणजे साडेपाचला ताट मांडलेलं हवं.

कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, एरवी नाही. भरतीची वेळ फोन दाखवतो, पण किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात. भिंतीवरचं कालनिर्णय काढलं: त्याच्या शनिवारी नवमी आहे. नवाची पाऊणपट पावणेसात, ही भरती. ओहोटी एकच्या आसपास. म्हणजे साडेअकराला किल्ल्याकडे, दीडला परत, अडीचला जेवण, साडेतीनला काशीदच्या रस्त्याला आणि वाटेतच कुठंतरी जैनांचं साडेपाचचं ताट. रविवारी पहाटे पाचला निघायचं. हे सगळं जमवायचं तर घरून शुक्रवारी पहाटे हलायला हवं. त्याला म्हटलं, शुक्रवारची रजा टाक. साहेबांना विचारतो म्हणाला. अर्ज अजून दिलेला नाही.