दौंडचा लोहमार्ग आणि कल्पित नायक

व्हिक्टोरिया राणीच्या काळचे कादंबरीनायक पुन्हा जिवंत करून त्यांच्या हाती वाफेची विमाने, पितळी चक्रांची यंत्रे व लोखंडी पाणबुड्या देण्याची हौस अलीकडच्या चित्रकथांत व चलच्चित्रांत फार दिसते. १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने या प्रकारास थट्टेने 'स्टीमपंक' म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले. मुले ही चित्रे आवडीने पाहतात, यात वावगे काहीच नाही. परंतु ती वाफ आपल्या मुलखात खरोखर कोणाच्या श्रमाने आली, हेही त्यांस कळावे, असे आम्हांस वाटते.

या नायकांच्या कुळातील एक पुरुष आपल्या प्रांतातून गेलेला आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराचा फिलिआस फॉग १८७२ च्या ऑक्टोबरात मुंबईहून आगगाडीने निघतो. कल्याणास खंडाळा-पुण्याकडे फुटणाऱ्या फाट्याचा कादंबरीत उल्लेख आहे; फॉग मात्र ईशान्येची वाट धरतो. पुढे रूळ संपतात व त्यास हत्ती विकत घ्यावा लागतो. वस्तुतः मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० च्या मार्चमध्येच जबलपुरास जुळला होता. हत्ती आला तो केवळ कथेच्या सोयीसाठी!

फॉगने सोडलेल्या फाट्यावर, भीमेच्या काठी, दौंड आहे. हा आग्नेय मार्ग १८६० साली सोलापुरास पोचला, व १८६३ साली बोरघाट खुला झाल्यावर त्याचा मुंबईशी सलग सांधा जुळला. पुढे १८७८ साली सुमारे १४५ मैलांचा दौंड-मनमाड रस्ता झाला आणि दोन्ही वाटा एकमेकींस मिळाल्या. या रस्त्याचे मातीकाम बरेचसे १८७६-७७ च्या दुष्काळात, पोटासाठी आलेल्या लोकांकडून झाले. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसास एक पौंड धान्य व वर थोडी रोकड इतकी आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले.

व्हर्नने एका हिंदी माणसास यंत्राचा स्वामी केले, हे त्याचे औदार्य खरेच. १८७५ साली पुऱ्या झालेल्या कादंबरीत त्याने सांगितले की, पाणबुडीचा कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असून १८५७ च्या उठावात लढलेला आहे. २००३ च्या इंग्रजी चित्रपटात ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली. तथापि तोही राजपुत्रच. ज्या वर्षी हा राजपुत्र वाचकांस ओळखीचा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी दख्खनचा कुणबी डोक्यावर मातीची टोपली घेऊन रुळांसाठी भराव घालू लागला. त्यास मात्र कोणी नायक केले नाही.

कल्पनेने इतिहास फिरवून पाहण्यास आमची हरकत नाही. उलट अशा खेळाने गतकाळाविषयी कुतूहल वाढते. आमचे मागणे एवढेच की, आपल्या चित्रकारांनी लंडनच्या धुक्यातच रमू नये. भीमाकाठी वाफ आहे, साहस आहे, आणि आपल्या मजुरीसाठी काम सोडून उठणारी माणसेही आहेत. पितळी चक्रे रंगवताना हे हात विसरले, तर आपल्या मुलांस यंत्राचे वेड तेवढे लागेल. त्याचे मोल कळणार नाही.