शिपायाच्या घरची फिर्याद

दिल्लीस बदलून आलेला मराठी माणूस वर्षा-दोन वर्षांत एकदा तरी पानिपतास जाऊन येतो. काला आंबच्या स्मारकापाशी उभे राहून १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो, चार हळव्या गोष्टी बोलतो आणि सायंकाळच्या गाडीने परत येतो. आम्हीही असे गेलो आहो. परंतु त्या रणभूमीवरील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मराठ्यांच्या त्या सैन्याबरोबर कुटुंबे होती. सेनापती सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई छावणीत होत्या, तशाच इतर अनेकींच्या बायकामुली होत्या. लढाई हरली तेव्हा त्यांची काय दशा झाली, हे इतिहासाने थोडक्यात सांगितले आहे. लढाईपूर्वीच्या महिन्यांत तंबूच्या आत त्यांचे दिवस कसे गेले, हे मात्र कोणीच सांगितलेले नाही.

याच्या उलट शिवकालाची रीत होती. सभासदाच्या बखरीवरून दिसते, की लष्करात बायका नेण्यास महाराजांची सक्त मनाई होती आणि शत्रूच्या मुलुखातील बायकापोरांस हात लावू नये अशीही ताकीद होती. परक्याच्या स्त्रियांचा मान राखणारा हा दंडक आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण शिपाई घरी परतल्यावर त्याच्या स्वतःच्या बायकापोरांवर हात उठला तर त्याची दाद कोठे लागावी, हा प्रश्न त्या दंडकाच्या कक्षेबाहेरचा होता. तो घरचा मामला होता. पुढे जवळजवळ तीन शतके तो घरचाच मामला राहिला.

इंग्रजी अमदानीत मराठी पलटणींतील बहुतेक शिपायांची कुटुंबे गावीच राहत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील घरांतून माणूस पलटणीत जाई व घरी मनिऑर्डर येई. १९१६ च्या एप्रिलमध्ये कूत-अल-अमाऱ्याचा वेढा शरणागतीत संपला, तेव्हा पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये ११० वी मराठा पलटण होती. या लोकांच्या घरी काय चालले असेल याची चिंता सरकारला नव्हती असे नाही. परंतु त्या चिंतेचे रूप ठरावीक होते. पैसा पोचला की नाही, पेन्शन मिळाले की नाही, जमिनीचा तंटा मिटला की नाही, एवढेच. इंग्लंडातही मेजर जेम्स गिल्डी यांनी १८८५ साली सैनिकांच्या कुटुंबांसाठी संस्था काढली, ती पती युद्धावर गेल्यामुळे निराधार झालेल्या बायकामुलांसाठी. कर्ता पुरुष घरात नाही, हेच काय ते संकट अशी समजूत होती. कर्ता पुरुष घरात आहे आणि तेच संकट आहे, अशी शक्यता कल्याणाच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हती.

आमचा व्यवसाय कारकुनाचा असल्यामुळे रकान्यांचे सामर्थ्य आम्ही जाणतो. ज्या गोष्टीस रकाना नाही ती गोष्ट सरकारदरबारी घडतच नाही.

स्वातंत्र्यानंतर पहिला रकाना उघडला तो पोटगीचा. १९५० च्या सैन्य अधिनियमातील ९० व ९१ या कलमांन्वये पत्नीच्या व अपत्यांच्या निर्वाहासाठी अधिकाऱ्याच्या वा जवानाच्या पगारातून रक्कम कापता येते. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या बाईस कोर्टाची पायरी ठाऊक नाही, तिला पलटणीकडे अर्ज करण्याचा मार्ग त्यातून मिळाला. पुढे १९६६ साली सैनिकपत्नींची कल्याण संघटना, जी ‘आवा’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते, ती स्थापन झाली. वीरपत्नींना आधार, शिवण-टंकलेखनासारखे शिक्षण, विशेष मुलांसाठी ‘आशा’ शाळा, अशी कामे तिने उभारली. हवाई दल व नौदल यांतही पुढे तशाच संघटना निघाल्या. छावणीतल्या एकाकी बाईस दुसऱ्या बाईने हाक मारावी, हा त्यांचा मूळ हेतू होता.

तथापि या रचनेत एक जन्मजात अडचण होती. पलटणीतील अशा मंडळाचे नेतृत्व परंपरेने कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीकडे असते. हवालदाराच्या बायकोने आपले दुःख सांगावयाचे ते कोणाला? तर जिच्या यजमानांच्या लेखणीवर आपल्या नवऱ्याची बढती अवलंबून आहे, तिला. सांगावे तर नवऱ्याची नोकरी डागाळते, पगार थांबण्याची भीती वाटते. शिवाय राहता क्वार्टर त्याच्याच हुद्द्यावर मिळालेला. न सांगावे तर मार चालूच. शेजारीही पलटणीतलेच, डॉक्टरही लष्करी, माहेर हजार मैलांवर. बोलणाऱ्या बाईस अनोळखी माणसाची गरज असते आणि छावणीत अनोळखी असे कोणी नसते.

या दुःखास नाव मिळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेत १९६२ साली डॉक्टर हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांवरील निबंध प्रसिद्ध केला आणि मोडलेल्या हाडांमागे अपघाताऐवजी आईबापांचा हात असू शकतो, हे वैद्यकाने मान्य केले. १९८१ साली तेथील संरक्षण खात्याने सैनिकांच्या घरांतील अत्याचारांसाठी सल्ला व उपचारांची स्वतंत्र योजना सुरू केली. आपल्याकडे १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी त्याची जागा घेतली आहे.

समुपदेशनाच्या बाबतीत मात्र वाट दाखविली ती मुंबईने, याचा आपणांस रास्त अभिमान वाटावा. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या इमारतीत, पण पोलीस नसलेली, शिक्षित समाजकार्यकर्ती समोर बसलेली, ही कल्पना त्या काळी नवी होती. पुण्यात विद्या बाळ व त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ या नावाचे केंद्र चालविले. त्या दोन शब्दांत या सर्व शास्त्राचे सार आहे, असे आम्हांस वाटते.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. छावणीच्या फाटकापाशी तो थांबत नाही. त्याच्या १४ व्या कलमान्वये दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतो. परंतु समुपदेशन म्हणजे ‘जरा सांभाळून घ्या’ असा उपदेश नव्हे. नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की आपण हात का उगारला याचे समर्थन पुरुषास त्या बैठकीत करता येणार नाही, आणि ही गोष्ट त्यास आधीच सांगितली पाहिजे. सीमेवरचा ताण, अपुरी रजा, वरिष्ठांचा जाच ही कारणे खरी असतील. त्यांवर उपचारही व्हावेत. पण ती कारणे म्हणजे परवाना नव्हे.

२००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाच्या परिसरात सहा आठवड्यांच्या आत चार सैनिकपत्नींचे खून झाले. आरोप पतींवर आला. त्यांतील काही जण अफगाणिस्तानातून नुकतेच परतलेले होते. मदतीची योजना कागदावर असूनही बायका तिच्याकडे जाण्यास भितात, हे तेव्हा साऱ्यांच्या ध्यानी आले. २००६ पासून तेथे अशी सोय झाली, की पीडित स्त्री वरिष्ठांस वा पोलिसांस न कळविता ठरावीक कार्यकर्त्यांकडून सल्ला व उपचार घेऊ शकते. मुलांवरील अत्याचार मात्र या गुप्ततेतून वगळले आहेत. आपल्याकडेही २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाचे १९ वे कलम हेच सांगते: ज्यास कळले त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे, न कळविणे हा गुन्हा आहे. प्रौढ स्त्रीचे गुपित तिच्या मर्जीने राखता येते. बालकाचे गुपित राखणे म्हणजे अत्याचार करणाराचे गुपित राखणे होय.

ही भीती निराधार नाही, हे आकडेच सांगतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ बालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मार सोसावा लागत असल्याचे आढळले, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना मारणारे आईबापच होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाची तरी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत, फौजेचे नव्हेत. फौजी माणूस इतरांहून वाईट असतो, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. त्याच्या घराचे दार इतरांहून अधिक घट्ट बंद असते, एवढेच.

२०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ श्रीनगर येथे सुरू केली व सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधिसाहाय्य केंद्रे उघडण्याचे ठरविले. योजना स्तुत्य आहे. पण जेव्हा फिर्याद शिपायाची नसून शिपायाविरुद्ध असेल, तेव्हा त्या केंद्रातील वकील कोणाच्या बाजूस बसेल? १९८७ च्या विधिसेवा अधिनियमाने प्रत्येक स्त्रीस व बालकास, मिळकत कितीही असो, मोफत वकील देऊ केला आहे. सैनिक मंडळाच्या दारावर ही एक ओळ ठळक लिहिली जावी, एवढीच आमची मागणी आहे.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी या शहरातील ज्या वसाहतीत आम्ही राहत होतो, तेथे भिंतीपलीकडे फौजेतील एक मराठी कुटुंब होते. गणपतीत आरतीस दोघेही येत. गृहस्थ अगत्यशील, वर्गणीत पुढे. रात्री कधी कधी भिंतीपलीकडून आवाज येई, मग लहान मुलाचे रडणे, मग ते एकाएकी थांबणे. आम्ही दूरदर्शनचा आवाज वाढवीत असू. आपला माणूस आहे, परमुलखात आपल्याच माणसाची शोभा कशाला, असे मनास सांगत असू. पुढे त्यांची बदली झाली. निघताना त्या बाईंनी आमच्या घरी डब्यातील उरलेले मेतकूट आणून दिले. मुलगा दाराशी उभा होता. तो आमच्याकडे पाहत नव्हता.

२००५ च्या त्याच अधिनियमाचे चौथे कलम आम्ही नंतर वाचले. अत्याचार होत असल्याचे ज्यास वाटते असा कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकतो, आणि सद्हेतूने कळविणारावर कोणतेही दायित्व येत नाही, असे ते सांगते. दिल्लीत स्त्रियांसाठी १८१ व मुलांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. नानकपुऱ्यात महिला व बालकांसाठीचा विशेष पोलीस विभाग आहे. यांपैकी काहीच नव्हते असे आम्हांस म्हणता येत नाही.

परमुलखात मराठी मंडळे आपण काढली ती एकमेकांच्या सुखदुःखास धावून जाण्यासाठी. पुढच्या वेळी भिंतीपलीकडे आवाज आला, तर दार ठोठावून निदान वाटीभर साखर मागावयास जावे. तेवढ्यानेही आतला हात काही वेळ थांबतो, आणि आतल्या माणसास कळते की बाहेर कोणीतरी ऐकत आहे.