एका टॅक्सीचे सुटे भाग

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनीची एकही अधिकृत टॅक्सी उरली नाही. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीचं कमाल वय वीस वर्षं, त्यामुळे तिची मुदत आपोआप संपली. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या फोनवर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे फोटो फिरले. पहिला पाऊस, व्हीटी स्टेशन, लांबलचक पुढची सीट, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा. पण एक साधा प्रश्न त्या आठवणींमध्ये कुठे दिसला नाही. या हजारो गाड्या शेवटी गेल्या कुठे?

या उत्तराचा एक छोटा तुकडा साताऱ्यात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. आजोबांनी १९७५ साली घेतलेली पद्मिनी आम्ही पुन्हा चालती करतोय, आणि तिला लागलेले बरेच भाग मुंबईत २०१९ साली बाद झालेल्या एका टॅक्सीतून आलेत. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत अशा गाडीला 'डोनर' म्हणतात, म्हणजे रक्तदात्यासारखी दाता. आमचे मेस्त्री तिला 'मोडीची गाडी' म्हणतात. मला दोन्ही शब्द अर्धवट वाटतात. एका पद्मिनीचा भाग दुसरीला इतक्या सहज का बसतो, याचं कारण गॅरेजमध्ये सापडत नाही. ते भारताच्या औद्योगिक इतिहासात आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना भारतात मोटारी बनवायच्या होत्या. अभियंते एम. विश्वेश्वरय्या यांच्यासोबत १९३० च्या दशकापासून त्यांनी त्यासाठी खटपट केली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाटने १९५३ मध्ये '११००/१०३' हे मॉडेल बाजारात आणलं आणि वर्षभरात ते कुर्ल्यातही जोडलं जाऊ लागलं. गोलसर पाठीमुळे आपल्याकडे त्याचं नाव पडलं 'डुक्कर फियाट'.

१९५३ सालीच टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने एक मोठा निर्णय घेतला. नुसते आयात केलेले भाग जोडून गाड्या विकायच्या नाहीत, ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भारतातच भाग बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं. मुंबईत कितीतरी वर्षं गाड्या जोडणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. त्यानंतर सर्वसामान्य ग्राहकाला मोटारगाडी घ्यायची तर मुख्यतः तीनच दारं उरली. कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर. उत्पादन परवान्यात बांधलेलं, किमतीवर सरकारचं नियंत्रण आणि गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. जी गाडी बनवाल ती विकलीच जाणार असेल, तर नवं मॉडेल आणायला पैसा कोण घालेल?

म्हणून फियाट ११०० बदलली ती हळूहळू, वरवर. १९५० च्या दशकातल्या गाड्यांची पुढची दारं मागच्या कडेला बिजागरीवर असायची, म्हणजे ती आजच्या उलट दिशेने उघडायची. १९६० च्या दशकाच्या मध्यावर 'डिलाइट' आली तेव्हा दारं सरळ झाली आणि अंगाला आज ओळखीचा असलेला चौकोनी आकार आला. फियाटचा करार संपल्यावर १९७२ मध्ये नाव बदलून 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. जाळी, दिवे, मीटर बदलले, पण मूळ सांगाडा तोच. चार सिलिंडरचं १०८९ सीसी पेट्रोल इंजिन, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत हे असंच चाललं.

माझ्या कामात जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी जुळली की आम्ही त्याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतो आणि त्यासाठी मुद्दाम कष्ट घेतो. पद्मिनीत ती स्पर्धेच्या अभावातून आपसूक आली. १९९९ सालच्या टॅक्सीची स्टब अॅक्सल १९७५ च्या गाडीला बसते, कारण मधल्या चोवीस वर्षांत ती बदलायची कुणाला गरजच पडली नाही. क्युबात अमेरिकी निर्बंधांमुळे १९५० च्या दशकातल्या शेव्हरोले गाड्यांमध्ये सोव्हिएत गाड्यांची इंजिनं बसवावी लागली. तिथे एका जातीचं हृदय दुसऱ्या जातीच्या शरीरात गेलं. आपल्याकडे बंद बाजाराचा परिणाम उलटा झाला. सगळी शरीरं एकाच जातीची राहिली.

याचा सगळ्यात मोठा फायदा टॅक्सीवाल्यांना झाला. कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक पद्मिनी डोळे झाकून उघडायचा. एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीला, दुसरीचा डिफ्रन्शियल तिसरीला. म्हणजे अवयवदानाची ही पद्धत हौशी मंडळींच्या आधी पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांनी रूढ केली होती. आणि हे भाग मिळायचे कुठे? इतर ठिकाणांबरोबर कुर्ल्यातच, सीएसटी रोडलगतच्या भंगाराच्या दुकानांत. एकाच उपनगरात एका टोकाला कारखाना गाड्या जोडत होता आणि दुसऱ्या टोकाला त्याच गाड्या सुट्या होत होत्या. आज कारखान्याच्या जागेवर इमारती आहेत. प्रीमियर रोड हे नाव तेवढं टिकलंय.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि खासगी ग्राहक पद्मिनीपासून दूर जाऊ लागले. टॅक्सीत मात्र ती टिकली. तिचं पुढचं आयुष्य मग बाजाराऐवजी नियमांनी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. २००८ मध्ये टॅक्सीचं कमाल वय पंचवीस वर्षं ठरलं, २०१३ मध्ये वीस. प्रत्येक निर्णयानंतर कुर्ल्यात एकदम मोठा माल यायचा. टॅक्सीवाल्याचा परमिट मात्र मरत नसे. त्याच परमिटवर तो सँट्रो किंवा वॅगनआर घ्यायचा. आमच्या डोनर गाडीचंही तसंच झालं. तिचा धंदा एका नव्या गाडीत गेला, भाग आमच्याकडे आले. ती स्वतः मात्र कागदावरून पुसली गेली. नोंदणी रद्द करताना चासी नंबरचा पत्र्याचा तुकडा कापून आरटीओत जमा करायची पद्धत होती. त्यामुळे आमच्यापर्यंत ती आली तेव्हा तिच्या पत्र्याला एक चौकोनी भोक होतं. कायद्याच्या दृष्टीने ती तेव्हाच गाडी राहिली नव्हती.

मुंबईची टॅक्सी डोनर म्हणून घेताना काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे समजून घ्यायला हवं. फिरणारे भाग उत्तम मिळतात, कारण टॅक्सी रोज चालते आणि मालक तेल-ग्रीस चुकवत नाही. आम्हाला स्टिअरिंग बॉक्स, गिअरच्या दांड्याची सगळी जोडणी, ब्रेकचे ड्रम आणि डावीकडचं पुढचं दार चांगलं मिळालं. इंजिनाचं हेड मात्र आम्ही बाजूला ठेवलं. पेट्रोलपेक्षा सीएनजी कोरडा जळतो. त्याने जुन्या इंजिनांतल्या व्हॉल्व्ह सीट झिजून आत बसतात आणि या हेडमध्ये तसंच झालं होतं. तळाचा पत्राही निरुपयोगी होता. समुद्राची हवा आणि वीस पावसाळे यांनी तो आमच्या गाडीपेक्षा वाईट खाल्ला होता. साताऱ्याच्या गाडीचा तळ वाचवायला मुंबईची गाडी कामाला आली नाही. तो आम्ही नव्या पत्र्याचा घडवून घेतला.

घरात खरा वाद झाला तो इंजिनावरून. आमचं इंजिन जाम झालं होतं. मेस्त्री म्हणाले, "टॅक्सीचं इंजिन टाका, दोन दिवसांत गाडी सुरू." बाबा ऐकेनात. त्यांच्या मते आरसीवर जो इंजिन नंबर आहे तोच गाडीत हवा. मला वाटलं हा हट्ट आहे, पण नियम वाचल्यावर त्यात तथ्य दिसलं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आमच्या गाडीला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली. म्हणजे परकं इंजिन टाकलं तर ती चालेल, पण ती 'तीच' राहणार नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. सिलिंडर ब्लॉक आमचाच ठेवला, कारण नंबर त्यावर आहे. तो बोअर करून नवे पिस्टन घातले. क्रँकशाफ्ट मात्र टॅक्सीची बसवली, कारण आमची घासून घासून संपली होती. कायदा इंजिन ओळखतो तो ब्लॉकवरच्या आकड्यावरून. यंत्राला आकडा कळत नाही. आमचं इंजिन आरसीनुसार १९७५ चं आहे, पण त्यातली प्रत्येक फेरी १९९९ च्या लोखंडावर फिरते. हे मूळ म्हणायचं का? मला वाटतं, 'मूळ' हा शब्दच अशा गाड्यांसाठी नीट बसत नाही. नव्या असतानाही त्या फियाटच्या आराखड्यावर, प्रीमियरच्या साच्यातून आणि कितीतरी लहान कारखान्यांच्या भागांतून बनल्या होत्या. दुरुस्तीत भाग बदलणं हे त्यांच्या जन्मापासूनचं आयुष्य आहे.

व्हिंटेज प्लेट घ्यायची का, यावरही घरात दोन मतं होती. तशा गाडीला रस्त्यावर आणायची मुभा प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा मोजक्या कारणांसाठीच असते. रोजच्या वापराला नाही. बाबांना ती प्लेट हवी होती. आजी म्हणाली, "काचेच्या कपाटात ठेवायला नव्हती घेतली ह्यांनी. मला तिच्यातून वाईच्या गणपतीला जायचंय." तिथे चर्चा संपली. आम्ही साधी फेरनोंदणी करायचं ठरवलं. तीही दर पाच वर्षांनी, गाडी तपासून घेऊनच मिळते. पण गाडी हवी तेव्हा हवी तिथे जाऊ शकते.

२०२१ च्या नियमांनी आता भंगाराचा रस्ताही बदलतोय. मुदत संपलेली गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडून प्रमाणपत्र घ्यायचं, अशी व्यवस्था आली आहे. प्रदूषण आणि चोरीच्या गाड्यांचा विचार केला तर ती योग्यच आहे. पण यंत्राखाली चेपून वितळवलेल्या गाडीतून कुणाला स्टिअरिंग बॉक्स मिळत नाही. पद्मिनी बनवणारा कारखाना नाही, नवे भाग मोजकेच बनतात आणि टॅक्सीतून येणारा माल २०२३ नंतर आटला. ज्यांच्या शेडमध्ये आज एखादी मोडीची पद्मिनी आहे, त्यांच्याकडे बहुतेक शेवटचा साठा आहे. म्हणून आमच्या टॅक्सीचा उरलेला सांगाडा आम्ही विकला नाही. त्यातला कुठला भाग चांगला आहे, कुठला झिजलाय आणि आम्ही कुठला वापरला, याची यादी मी केली आहे. साताऱ्यात आणखी दोन घरांत पद्मिनी उभ्या आहेत, त्यांना ती दाखवली. एकांनी मागच्या पाट्यांचा जोड नेला.

आमच्या गाडीला आता मूळचा फिका क्रीम रंग दिलाय. टॅक्सीचं डावं दारही बाहेरून त्याच रंगात गेलं. आतली बाजू अस्तराखाली झाकली जाणार होती, म्हणून पेंटरने विचारलं की तिथला काळा रंग घासून काढू का. बाबा म्हणाले, "राहू दे." त्या दारावर कागदाने नाव पुसलेल्या एका गाडीची तेवढीच खूण उरली आहे.