द्राक्षमळ्यावरचं हेलिकॉप्टर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या क्वीन्सटाउनहून हेलिकॉप्टर उठतं आणि कावाराऊ नदीच्या अंगाने पूर्वेकडे निघतं. आत चार-पाच पाहुणे, कानांवर हेडफोन, हातात मोबाइल. खाली खडकांच्या चिंचोळ्या घळीतून निळसर पाणी उसळत असतं. काही मिनिटांतच गिब्स्टनचं खोरं लागतं आणि उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी वेलींच्या सरळ रांगा दिसू लागतात. मळ्याच्या कडेच्या गवतावर यंत्र टेकतं. पाहुणे टोप्या सांभाळत, वाकून, जेवणाच्या टेबलाकडे चालू लागतात.

मोठ्या वाढदिवसाला, लग्नाच्या मागणीला किंवा निवृत्तीनंतरच्या सहलीला घेतलेली ही चैन. तिची जाहिरात पाहिली की हे यंत्र जणू श्रीमंतांच्या हौसेसाठीच या डोंगरात आलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात इथलं हेलिकॉप्टर आधी खाटकाचं हमाल होतं, मग गुराखी झालं, पुढे द्राक्षांचा राखणदारही झालं. पाहुण्यांना मळ्यात जेवायला नेण्याचं काम त्याच्या वाट्याला फार उशिरा आलं.

आणि द्राक्षं तर इथे एकदा येऊन गेलेली.

1862 च्या ऑगस्टमध्ये हार्टली आणि रायली या दोन खाणकऱ्यांनी ड्यूनेडिन शहरात 87 पौंड सोनं आणून ठेवलं. हे त्यांनी क्लुथा नदीच्या घळीतून, आजच्या क्लाइड आणि क्रॉमवेल गावांच्या मधून, काढलं होतं. त्यानंतर सेंट्रल ओटॅगोच्या या कोरड्या मुलखात माणसांची रीघ लागली. या गर्दीत झाँ देझिरे फेरो नावाचा एक फ्रेंच माणूस होता. सोन्यात थोडंफार कमावल्यावर त्याने 1864 च्या सुमारास क्लाइडजवळ द्राक्षं लावली, दगडी कोठार बांधलं आणि वाइन गाळायला सुरुवात केली. गावाने त्याला पहिला महापौरही केलं. 1881 साली सिडनीत त्याच्या वाइनला बक्षीस मिळालं. थोड्याच काळात फेरो ते गाव सोडून गेला आणि त्याच्यामागे हा धंदा चालवणारं कुणी उरलं नाही.

1895 मध्ये रोमेओ ब्रागातो आला. इटलीतल्या कोनेल्यानोच्या प्रसिद्ध शाळेत द्राक्षविद्या शिकलेला हा तज्ज्ञ तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया सरकारच्या नोकरीत होता. न्यूझीलंड सरकारने त्याला देश पाहायला बोलावलं. दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदरापासून तो वर उत्तरेकडे फिरला आणि सेंट्रल ओटॅगो पाहून खूश झाला. इथे उत्तम द्राक्षं होतील असं त्याने अहवालात स्वच्छ लिहिलं. अहवाल छापला गेला, वेली मात्र कुणी लावल्या नाहीत. याचं एक कारण हवेत नव्हतं, माणसांत होतं. तो दारूबंदीच्या चळवळीचा काळ. शेजारच्या क्लुथा मतदारसंघाने 1894 मध्येच दारूचे परवाने मतदानाने रद्द करून टाकले होते. 1919 मध्ये तर संपूर्ण देशात दारूबंदी यायची, ती परदेशी असलेल्या सैनिकांची मतं मोजल्यावर थोडक्यात टळली. 1917 पासून 1967 पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षं, या देशातले बार संध्याकाळी सहा वाजता बंद होत. कामावरून सुटलेले लोक तासाभरात घशाखाली ओततील तेवढं ओतत आणि घरी जात. अशा देशात दुपारी निवांत बसून जेवणाबरोबर वाइन प्यायची ही कल्पना रुजायला वेळ लागणारच होता. हॉटेलाबाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला दारूचा परवाना मिळाला तोच मुळी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला.

दरम्यान त्याच डोंगरांत एक वेगळीच गोष्ट घडत होती.

इंग्रज वसाहतवाल्यांना शिकारीचा नाद. न्यूझीलंडच्या जंगलात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नाही, मग शिकार कशाची करायची? म्हणून 1851 पासून लाल हरणं जहाजांतून आणून सोडायला सुरुवात झाली. ओटॅगोच्या डोंगरात 1871 मध्ये स्कॉटलंडहून आणलेला कळप सोडला. वाघ नाही, लांडगा नाही, चारा मुबलक. साठ वर्षांत हरणांनी डोंगर पोखरले. उतारावरचं गवत आणि झाडांची कोवळी रोपं संपली, माती वाहून जाऊ लागली. ज्या हरणांना कायद्याने संरक्षण दिलं होतं त्यांनाच मग सरकारने उपद्रवी ठरवलं आणि 1930 पासून पगारी शिकारी नेमले. हे लोक महिनोन्‌महिने डोंगरातल्या झोपड्यांत राहून हरणं मारत. त्यांच्यातल्याच बॅरी क्रम्पने 1960 मध्ये लिहिलेलं पुस्तक घरोघर वाचलं गेलं. पण मारलेलं हरीण खाली आणणार कोण? कातडं आणि शेपूट तेवढं घ्यायचं, मांस तिथेच कुजायचं.

त्याच मांसाला पश्चिम जर्मनीत चांगला भाव होता. वानाका भागातल्या टिम वॉलिस या तरुण उद्योजकाने 1960 च्या दशकाच्या मध्यावर हिशेब मांडला: दोन दिवस खांद्यावरून आणायचं धूड हेलिकॉप्टर काही मिनिटांत खाली आणतं, मग भाडं परवडतं की नाही? परवडलं. सुरुवातीला हेलिकॉप्टर फक्त हमाली करायचं. शिकाऱ्यांनी मारलेली हरणं दोराला बांधायची आणि खाली लोंबकळत दरीत आणायची. लवकरच शिकारी स्वतःच यंत्रात बसला. दार काढून टाकलेलं, एक पाय बाहेरच्या आडव्या दांड्यावर, हातात बंदूक. वैमानिक कड्याला घासत यंत्र न्यायचा आणि तो नेम धरायचा. 1968 मध्ये वॉलिसचं हेलिकॉप्टर विजेच्या तारांना अडकून कोसळलं. त्याच्या मणक्याला मार बसला, एक पाय कायमचा अधू झाला. तरी तो उडतच राहिला. त्याला पुढे 'सर' किताब मिळाला आणि वानाकाला जुन्या लढाऊ विमानांचा मेळावा सुरू करणाराही तोच. 2023 मध्ये तो गेला.

1969 मध्ये हरणं पाळायला कायद्याने मुभा मिळाली आणि धंदा उलटला. आता मेलेल्या हरणापेक्षा जिवंत मादी महाग! मग हेलिकॉप्टर तिला पळवत दमवायचं, जमिनीलगत यायचं आणि दांड्यावर उभा असलेला माणूस थेट तिच्या पाठीवर उडी मारायचा. अंगाखाली दाबून तिचे पाय बांधायचे, तिला झोळीत घालायचं आणि लोंबकळत कुंपणात आणून सोडायचं. हाडं मोडायची, हरणाची आणि माणसाचीही. नंतर बंदुकीतून जाळं फेकण्याची युक्ती निघाली आणि उड्या कमी झाल्या. ह्यूझ 500 नावाचं चपळ, अंड्याच्या आकाराचं यंत्र या कामात सगळ्यांचं आवडतं झालं. फिओर्डलँडच्या रानात परवान्यावरून आणि हद्दीवरून इतकी भांडणं झाली की यंत्रांची मोडतोड आणि गोळीबारापर्यंत मजल गेली. त्या दहा-पंधरा वर्षांत कितीतरी तरुण वैमानिक आणि शिकारी मेले. डोंगराच्या तोंडावर, दरीतल्या फिरत्या वाऱ्यात, चार हात जागेत यंत्र उभं ठेवायची विद्या या मुलखात आली ती इथून, जीव घेऊन.

हरणं रानातली कुंपणात आली, तशी हेलिकॉप्टरं आणि वैमानिक दोघांनाही दुसरं काम हवं होतं. पर्यटन समोरच होतं. क्वीन्सटाउनात 1947 पासूनच छोट्या विमानांतून देखावे दाखवणारी कंपनी होती. 1955 मध्ये हॅरी विग्ली याने विमानाच्या चाकांना वर-खाली होणाऱ्या स्की जोडून ते माउंट कुकखालच्या टास्मान हिमनदीवर उतरवलं होतं. विमानाला धावपट्टी लागते किंवा हिमनदी तरी. हेलिकॉप्टरला घरामागचं अंगण पुरतं.

आणि त्याच वर्षांत खाली खोऱ्यात पुन्हा वेली लागत होत्या. 1970 च्या दशकात वानाका तलावाकाठी रॉल्फ मिल्स याने द्राक्षं लावली. 1981 मध्ये गिब्स्टनला ॲलन ब्रेडीने लावली. ब्रेडी मूळचा उत्तर आयर्लंडचा, व्यवसायाने पत्रकार. हा भाग 45 व्या अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटर उंच, हिवाळ्यात बर्फ. इथे मेंढ्या पाळायच्या, द्राक्षं कसली लावता, असं त्याला ऐकावं लागलं. 1987 मध्ये त्याने पहिली वाइन विकायला काढली. याच दशकात इकडे नारायणगावला श्यामराव चौगुले शॅम्पेनच्या धर्तीवरची वाइन बनवत होते, तेव्हा अनोळखी मातीत वाइन काढण्याचं वेड एकट्या ब्रेडीला लागलं होतं असं नाही. 1988 मध्ये गिब्स्टनच्या वाटेवरच्या जुन्या झुलत्या पुलावरून पायाला दोर बांधून उड्या मारण्याचा धंदा सुरू झाला आणि हा रस्ता जगाच्या नकाशावर आला. 1989 चा दारूविक्री कायदा बराच सैल होता. मळ्याच्या आवारात टेबलं मांडून लोकांना जेवू-पाजू घालणं सोपं झालं. आज सेंट्रल ओटॅगोत सुमारे 2,000 हेक्टरांवर द्राक्षं आहेत आणि त्यातली चार पंचमांश एकट्या पिनो न्वार जातीची.

पिनो न्वार नाजूक. तिचे कोंब ऑक्टोबरात फुटतात, दक्षिण गोलार्धातल्या ऐन वसंतात. नेमक्या त्याच दिवसांत निरभ्र रात्री वारा पडतो, जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते आणि पहाटे पारा शून्याखाली जातो. कोंबातलं पाणी गोठलं की तो काळा पडतो. त्या डोळ्याचं त्या वर्षीचं पीक तिथेच संपलं.

निफाडच्या बागाईतदाराला हे सांगावं लागणार नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर आला की तिकडे बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबकने पाणी सोडलं जातं, मणी तडकू नयेत म्हणून रात्र जागून काढली जाते. ओटॅगोतही पूर्वी रांगांमधून तेलाच्या शेगड्या पेटवत. कुठे तुषार सिंचनाने वेलींवर सतत पाणी फवारतात. वर बर्फाचा थर चढतो, आणि पाणी गोठताना सुटणारी ऊब आतल्या कोंबाला वाचवते. ऐकायला विचित्र, पण चालतं.

तिसरा उपाय हेलिकॉप्टर. अशा रात्री थंड हवा जड होऊन जमिनीलगत साचते आणि तिच्या डोक्यावर, काही मीटर उंचीवर, तिच्याहून दोन-तीन अंश उबदार हवेचा थर तरंगत असतो. हेलिकॉप्टर त्या थरात शिरतं आणि पंख्यांच्या झोताने ती ऊब खाली ढकलतं. खाली रांगांत तापमापक आणि दिवे लावलेले असतात. कुठला भाग गारठतोय ते दिव्यावरून वैमानिकाला कळतं, तो तिकडे वळतो. अंधारात, खांब आणि तारा चुकवत, बैल नांगराला फिरावा तसा तो मळाभर फेऱ्या मारत राहतो. उजाडून ऊन पडेपर्यंत थांबता येत नाही, कारण सूर्य उगवतो ती वेळ सगळ्यात गार. तासाचा भाव चार आकडी डॉलरांत. उत्तरेच्या मार्लबरो भागात, जिथे 1973 पासून द्राक्षांची मोठी लागवड झाली, गोठण्याचा इशारा आला की लांबलांबच्या कंपन्यांची यंत्रं आदल्या संध्याकाळीच येऊन मळ्यांच्या कडेला उभी राहतात. जिथे हेलिकॉप्टरं नसतात तिथे मोठाले पंखे फिरतात आणि गावकऱ्यांची झोपमोड करतात, त्यावर तक्रारी होतात.

हा खर्च उगाच होत नाही. 2002 मध्ये न्यूझीलंडची द्राक्षं 1,18,700 टन निघाली होती. त्या वसंतात दंव गोठलं आणि 2003 चा हंगाम 76,400 टनांवर आला.

द्राक्षं झाली की चेरी. क्रॉमवेलच्या आसपास नाताळाच्या तोंडावर चेरी पिकते आणि नेमका तेव्हाच पाऊस आला तर फळावर साचलेलं पाणी आत मुरून साल तडकते. मग पाऊस थांबायचा अवकाश, हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांवरून संथ फिरून पाणी झटकून देतं. एका फळबागेला केस वाळवायचं यंत्र लावावं, तसा प्रकार.

म्हणजे दुपारच्या जेवणाची फेरी ही या यंत्राच्या दिनक्रमातली सगळ्यात हलकी खेप. पाहुणे खिडकीतून खाली बघतात तेव्हा त्यांना बॅनकबर्नजवळ पाण्याच्या फवाऱ्यांनी कापलेले सोनेरी कडे दिसतात, खाणकऱ्यांनी डोंगराच्या अंगाने खणलेले पाट दिसतात, आणि त्याच जमिनीला खेटून पिनो न्वारच्या रांगा. क्रॉमवेलच्या जुन्या पेठेचा बराचसा भाग आता दिसत नाही. क्लाइडच्या धरणामागे डन्स्टन तलाव भरला तेव्हा, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, तो पाण्याखाली गेला.

टेबलावर येणाऱ्या ताटात बऱ्याचदा हरणाचं मांस असतं, 'सर्व्हेना' या नावाने विकलं जाणारं. मऊ, कमी चरबीचं, मधोमध गुलाबी ठेवलेलं. ते रानातल्या शिकारीचं नसतं, कुंपणातल्या कळपाचं असतं. आणि त्या कळपांचं मूळ पाहत गेलं तर बरंचसं त्या माद्यांपाशी जाऊन पोचतं, ज्यांना दांड्यावरून उडी मारून पकडलं होतं आणि झोळीत घालून खाली आणलं होतं.

वैमानिक टेबलाच्या टोकाला पाण्याचा ग्लास घेऊन बसतो. त्याला परत उडायचं असतं. ऑक्टोबर असेल, आभाळ स्वच्छ असेल आणि दुपारनंतर वारा पडू लागला असेल, तर तो मधूनच फोन काढून रात्रीच्या तापमानाचा अंदाज बघून घेतो.